मयताशी नातं

माझा भाचा न्यू जर्सीला असतो. दर दोन वर्षांनी तो डोंबिवलीला येतो आणि येताना चॉकलेटांबरोबर एक नवा नाद घेऊन येतो. एका खेपेला त्यानं गहू सोडायचा नाद आणला होता. तो महिनाभर आमच्या घरात पोळीकडे चोरीचा माल असल्यासारखं बघितलं जात होतं. पुढच्या खेपेला पहाटे पाचला थंड पाण्यानं अंघोळ आली. ती मात्र आमच्या नळानंच मोडून काढली, कारण पहाटे पाचला त्याला कोणतंच पाणी नसतं. या वेळी त्यानं पूर्वज आणले.

"मामा, आपले खापरपणजोबा कुठे आहेत?" विमानतळावरून घरी येताना, टॅक्सी शिळफाट्याला नेहमीप्रमाणे अडकलेली असताना त्यानं विचारलं.

"वारले," मी म्हणालो.

"ते कळलं रे. पण आहेत कुठे?"

प्रश्नाचा उगम त्याच्या ऑफिसात होता. तिथल्या शेजारच्या टेबलावरचा मित्र मूळचा आयरिश. म्हणजे त्याच्या खापरपणजोबांच्या वेळी, १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला, दुष्काळ आला, आणि तो पूर्वज उपाशीपोटी बोटीत बसून न्यूयॉर्कला उतरला. पुढे हमाली करून तिथेच वारला. तर त्या मित्राला आपला हा पूर्वज सापडला होता. क्वीन्स भागात कॅल्व्हरी नावाची दफनभूमी आहे, १८४८ पासूनची. तिथे सुमारे तीस लाख माणसं पुरलेली आहेत. त्या तीस लाखांत हा एक हमाल. आणि दफनाच्या जुन्या वहीत त्याचा विभाग, रांग आणि थडग्याचा क्रमांक व्यवस्थित लिहिलेला. वर दगडसुद्धा नव्हता, पण नंबर होता.

मी गप्प झालो. डोंबिवलीत जिवंत माणसाचा पत्ता 'गणपतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीला लागून, कुणालाही विचारा' असा असतो. तिकडे मेलेल्या हमालाला रांग आणि क्रमांक.

"आणि त्यांचे कागद तर जळले होते," भाचा सांगत होता. डब्लिनमधला सरकारी दप्तरखाना १९२२ च्या जूनअखेर यादवीत उडाला आणि शेकडो वर्षांचे कागद राख होऊन शहरावर भुरभुरले. म्हणून ते लोक दफनाच्या वह्या, चर्चच्या वह्या, बोटींच्या याद्या चाळत बसतात. मी विचार केला, त्यांचे कागद जळले म्हणून ते पुरलेली माणसं शोधतात. आपण माणसं जाळतो, म्हणजे आपण कागद तरी जपायला हवेत. पण ते आपण किलोवर विकतो. वडिलांच्या ट्रंकेतल्या कागदांचे मला स्वतःला एकशे चाळीस रुपये आले होते आणि त्यातही रद्दीवाल्यानं काटा मारला म्हणून मी जिन्यात भांडलो होतो. हे मी भाच्याला सांगितलं नाही.

आता कल्याण-ठाणे पट्ट्यात पूर्वज नाहीत असं कुणी म्हणू शकणार नाही. उलट ते जरा जास्तच आहेत. कल्याणात ज्याच्या वाड्याची एक भिंत उभी आहे त्याचा पूर्वज शिवकाळात घोड्यावर असतो. ठाण्यातल्या जुन्या माणसाचा पूर्वज १७३७ साली मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला तेव्हा घोड्यावर असतो, आणि पुढे चिमाजीअप्पांबरोबर वसईलाही घोड्यावरच जातो. पायी चालणारा पूर्वज मी अजून ऐकलेला नाही. या एवढ्या घोड्यांना दाणावैरण कोण घालत होतं, लीद कोण काढत होतं, हे इतिहासाला पडलेलं कोडं आहे. बहुधा ती माणसं निर्वंश झाली असावीत.

आमच्या घराण्यात घोडा नाही. आमच्याकडे आगगाडी आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली, तिच्यात आमचे खापरपणजोबा होते, हे मी मुंजीत ऐकलं, लग्नात ऐकलं आणि मुलाच्या बारशाला स्वतः सांगितलं. भाच्यानं टॅक्सीतच मोबाइल काढला.

"चौदा डबे. साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं. आणि सुमारे चारशे माणसं, तीही निमंत्रित. मामा, खापरपणजोबांना निमंत्रण होतं?"

"असेलच."

"करत काय होते ते?"

"कल्याणात होते," मी म्हणालो. आमच्याकडे हा व्यवसाय समजतात.

"पण गाडी कल्याणपर्यंत आली १८५४ च्या मे महिन्यात. मग त्रेपन्न साली ते बोरीबंदरला गेले कसे?"

मी जरा विचार करून "होडीनं किंवा बैलगाडीनं" असं सांगितलं. म्हणजे आमचे खापरपणजोबा आगगाडीत बसण्यासाठी बैलगाडीनं मुंबईला गेले, तिथून आगगाडीनं ठाण्याला आले आणि ठाण्याहून पुन्हा बैलगाडीनं घरी. हे सांगताना मला स्वतःलाच ते पटेना. पण आपल्या भागातल्या ज्या-ज्या घराण्यांनी त्या गाडीत पूर्वज बसवलेत ते सगळे मोजले, तर ती पहिली आगगाडी नसून संध्याकाळची सहा-बाराची कर्जत फास्ट होती असंच मानावं लागेल.

शोधाची सुरुवात आत्याकडून झाली. आत्या कल्याणला जुन्या घरात राहते. तिच्या देवघराशेजारी चौकटीत बसवलेला एक मोडी कागद आहे. पेशव्यांची सनद. दर दसऱ्याला तिला हळदकुंकू आणि आपट्याचं पान. कुळंबिळं सगळं तीत आहे असं आत्या सांगत आली आणि आम्ही नमस्कार करत आलो. वाचून बघावी असं चार पिढ्यांत कुणाला वाटलं नाही, कारण देवाची वस्तू कुणी वाचतं का?

गेली दोन-तीन वर्षं सगळा महाराष्ट्र जुन्या नोंदी शोधायला निघाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना दाढी करायलाही वेळ नाही. एक निवृत्त सर मोठ्या मिनतवारीनं आले. मोडी लिहिताना आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि मग अक्षरं तिला वाळत घातल्यासारखी लटकवतात. शब्द कुठे संपला हे सांगायची पद्धत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचाही वांधा. सरांनी भिंग लावलं. आत्यानं पदर डोक्यावरून घेतला. भाच्यानं व्हिडिओ चालू केला.

"विनायक गणेश..." सर म्हणाले. आत्याचे डोळे भरून आले. "विनायक गणेश म्है... म्है..." आडनाव येतंय म्हणून आम्ही पुढे वाकलो. आमचं आडनाव म्है-नं सुरू होत नाही, पण पूर्वी बदललेलं असू शकतं.

"म्हैस," सर म्हणाले. "विनायक गणेश. म्हैस रास एक, दुभती, डावे शिंग मोडके. तीन महिन्यांच्या वायद्यानं नेली. परत न केल्यास..." पुढे वाळवी लागली होती.

बराच वेळ कुणी बोललं नाही. दसऱ्याच्या हळदीकुंकवाचे डाग मोडक्या शिंगाच्या बरोबर वर पडलेले होते.

"यांना मोडी येत नाही," सर जिना उतरल्यावर आत्यानं निकाल दिला. चौकट परत भिंतीवर गेली. या दसऱ्यालाही आम्ही नमस्कार केला. मी जरा घाईत केला, एवढंच. म्हैस परत केली होती की नाही, ही चुटपुट मला लागून राहिली आहे.

पण एक गोष्ट हाती आली. खापरपणजोबांचं नाव विनायक गणेश. आमच्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत आहे. आयरिश लोकांतही पहिल्या मुलाला आजोबांचंच नाव ठेवत, त्यामुळे भाच्याच्या मित्राला एका गावात सहा पॅट्रिक भेटले होते. पण त्यांच्याकडे निदान पॅट्रिक आणि जॉन असे दोन वेगळे संत तरी आहेत. आमच्याकडे एका आड एक विनायक आणि गणेश, म्हणजे दीडशे वर्षं एकच देव नाव बदलून जन्म घेतोय. खापरपणजोबा विनायक गणेश, पणजोबा गणेश विनायक, आजोबा विनायक गणेश, वडील गणेश विनायक. आणि मी?

तोच घोळ झाला.

मृत्यूची जुनी नोंद शोधायला आम्ही एका कार्यालयात गेलो. कोणतं ते सांगत नाही. आज ना उद्या माझीही नोंद तिथेच व्हायची आहे, उगाच वैर कशाला? खिडकीमागे एक बाई होत्या. मागे रांग होती.

"मयताचं नाव?"

"विनायक गणेश," मी आडनावासकट सांगितलं.

"अर्जदाराचं नाव?"

"विनायक गणेश," मी आडनावासकट सांगितलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मयताचं विचारलं मी."

"तेही तेच."

"मयताशी नातं?"

इथे भाचा मागून मदतीला आला. "सेम नेम," तो म्हणाला. "ही इज डेड. बट नॉट धिस वन."

"कधी वारले?"

"नक्की माहीत नाही. १९०० ते १९२० च्या मधे कधीतरी."

"मग आज का आलात?"

या प्रश्नाला खरंच उत्तर नव्हतं. बाईंनी शांतपणे समजावलं की १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा आहे, घटना घडून वर्ष उलटून गेलं की नोंदीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि तुम्हाला वर्षाहून थोडा जास्तच उशीर झालाय. "आणि जवळचं कुणी नाही का मयताचं? मुलगा, मुलगी, बायको?" मी म्हणालो की मुलगा १९२९ साली गेला. रांगेतून कुणीतरी "अरेरे" म्हणालं.

तो 'अरेरे' कुणाचा, हे मी मागे वळून बघायला हवं होतं. तो आमच्या सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्याचा होता. पाण्याच्या बिलाच्या कामाला आलेला. त्यानं ऐकलं ते एवढंच: मयत, विनायक गणेश, आणि शेजारी डोळे लाल झालेला अमेरिकेचा भाचा. (ते जेट लॅगनं लाल होते.) मी रांगेच्या तोंडाशी असल्यानं त्याला माझी पाठ दिसली. ती त्यानं माझ्या भावाची समजली. मला भाऊ नाही, पण तेवढा तपशील सोसायटीत कोण ठेवतो?

आम्ही रिक्षात बसेपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या नावाला पहिली भावपूर्ण श्रद्धांजली पडली होती. मी ती रिक्षातच वाचली. मग एकामागून एक हात जोडलेले येऊ लागले. सत्तेचाळीसपर्यंत मी मोजले. वाईट वाटण्यापेक्षा उत्सुकता जास्त होती. एकानं 'मनमिळाऊ' लिहिलं होतं. हा माणूस पार्किंगवरून सहा महिने माझ्याशी बोलत नव्हता. दुसऱ्यानं 'कोण?' असं विचारलं होतं. सेक्रेटरींनी लिहिलं होतं, 'अतिशय सज्जन सभासद. दोन महिन्यांचा मेंटेनन्स बाकी आहे, पण तो विषय आज नको.'

घरी पोचलो तर दारात चपलांचा ढीग. आत सात-आठ बायका आणि मधोमध आमची ही, जिला कुणीच अजून काही सांगितलेलं नव्हतं. सगळ्या तिच्याकडे कशा बघतायत हे तिला कळेना, आणि हळदीकुंकवाला आपण बोलावलेलं विसरलो की काय म्हणून ती घाईघाईनं सरबत करत होती. शेजारच्या काकूंनी झाकण घातलेलं पातेलं आणलं होतं. मी आत शिरलो तशी त्यांच्या हातातलं पातेलं डगमगलं. पिठलं-भात होता. परत न्या म्हणणं बरं दिसेना, म्हणून आम्ही दोघं जेवायला बसलो. माझ्या मृत्यूचं पिठलं मी दोनदा वाढून घेतलं. लसूण उत्तम पडला होता.

ग्रुपवरची श्रद्धांजली मात्र कुणी काढली नाही. 'काढायची कशी ते माहीत नाही' असं तिसऱ्या मजल्याचं म्हणणं.

एवढं झाल्यावर भाचा थांबेल असं वाटलं होतं. पण त्याला थडगं बघायची तहान लागली होती, आपलं नाही तर दुसऱ्याचं. माझा ठाण्याचा एक जुना मित्र बेने इस्रायल आहे. ठाण्यात त्यांचं १८७९ चं सिनेगॉग आहे आणि दफनभूमीही आहे. नेमकी त्याच्याकडे इस्रायलहून मावसबहीण आली होती, आजीची कबर बघायला. लहानपणी गेलेली बाई. तिचं मराठी साठ वर्षांपूर्वीचं, फारसं न वापरल्यामुळे घडी न मोडलेल्या शालूसारखं करकरीत. आम्ही सोबत गेलो. पंधरा मिनिटांत आजी सापडली. दगडावर वर हिब्रू, खाली मराठी. भाचा त्या अक्षरांवरून बोट फिरवत उभा राहिला. मला त्याच्याकडे बघवेना.

"वय खोटंय हं हे," मित्र म्हणाला. "आजी कायम आठ-दहा वर्षं कमी सांगायची. दगडानंसुद्धा तिचंच ऐकलं."

परत येताना मी त्याला आमच्या घोड्यांची आणि आगगाडीची गोष्ट सांगितली. तो हसला. त्यांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून लागले. वाचली ती सात जोडपी. पुढे कोकणात तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं नाव ठेवलं शनिवार तेली. पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर, ज्या गावात राहिले ते आडनाव. "आमच्यात घोडा नाही रे," तो म्हणाला, "बैल आहे. तोही घाण्याचा." आणि या माणसाकडे आजीची रांग न् रांग. मला वाटलं, पूर्वज घोड्यावरून उतरवल्याशिवाय ते सापडत नसावेत.

शेवटी मार्ग दाखवला तो आत्यानं. मोडीचा राग अजून गेला नव्हता, तरी म्हणाली, "अरे, नाशिकला जा. उपाध्यायांकडे वह्या असतात."

हे मला आधी का सुचलं नाही! आपलं कॅल्व्हरी ते. अस्थी घेऊन रामकुंडावर गेलेल्या प्रत्येकाचं नाव, गाव, बाप, भाऊ, मुलं त्या-त्या गावाच्या आणि आडनावाच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत, ज्याच्या त्याच्या हस्ताक्षरात. हरिद्वारच्या अशा वह्यांच्या तर अमेरिकेतल्या युटामधल्या वंशावळीवाल्या मंडळींनी फिल्म काढून नेल्या आहेत. म्हणजे भाचा न्यू जर्सीहून जे शोधायला इथे आला, तसलं शोधायला तिकडची माणसं पन्नास वर्षांपूर्वीच येऊन गेली होती.

कल्याणहून तपोवन एक्सप्रेस पकडली. गुरुजींनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, आत गेले आणि चहा निवायच्या आत लाल कापडात बांधलेली लांबट वही घेऊन आले. ना आधार कार्ड, ना दंडाधिकारी. पानं उलटत गेले. आजोबा. पणजोबा. आणि मग शके १८३६, म्हणजे १९१४. पणजोबांचं किरटं बाळबोध अक्षर. गुरुजींनी मोठ्यानं वाचलं.

पणजोबा आपल्या वडिलांच्या, म्हणजे विनायक गणेश यांच्या अस्थी घेऊन आले होते. नावं, भाऊ, मुलगे सगळं लिहून खाली त्यांनी जास्तीचं एक वाक्य घातलं होतं. त्याचा मतलब असा, की तीर्थरूप हयात असता आगगाडीस फार भीत, तीत पाय ठेवण्यास अखेरपर्यंत कबूल झाले नाहीत, सबब त्यांची क्षेत्रयात्रा राहून गेली. आता त्यांना आगगाडीनेच घेऊन आलो.

भाचा म्हणाला, "म्हणजे ते गाडीत बसले."

"बसले," मी म्हणालो. "एकसष्ट वर्षं उशिरा. आणि डब्यात." कोणत्या डब्यात ते त्याला कळायला इगतपुरी लागली. भर गर्दीत एकटाच हसत सुटला.

पण त्याआधी गुरुजींनी वही माझ्यासमोर सरकवली. आता तुमची नोंद करा, म्हणाले. मी पेन घेतलं. वडिलांचं नाव झालं. आईचं? मी आईला आई म्हणायचो, वडील अगं म्हणायचे, बाकी सगळे वहिनी. आत्याला फोन लावला. तिनं सांगितलं आणि वर माझी लाजही काढली. आजीचं नाव आत्यालाही आठवेना; ती माई होती. वहीत चाळून बघितलं तर तिथे 'मातोश्री'. त्याच्या वरच्या पिढीत 'मातोश्री'. विनायक गणेशांच्या बायकोच्या जागी तर तेही नव्हतं. म्हशीचं डावं शिंग मोडकं होतं हे आम्हाला माहीत आहे, खापरपणजीचं नाव नाही.

रात्री घरी आलो. हिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझं नाव लिहिलंत?"

"लिहिलं की. सौ."

"सौ. काय?"

मी लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं नाव वहीत घातलं होतं. ते चौतीस वर्षांत कुणी एकदाही वापरलेलं नाही. रेशनकार्डावर नाही, बँकेत नाही, मीही नाही. त्या नावाच्या बाईला उद्या कुणी शोधत आलं तर ती कुठेच सापडायची नाही.

येत्या रविवारी पुन्हा नाशिकला जायचं आहे. या वेळी ही बरोबर आहे, आणि पेन ती स्वतःचं आणणार आहे. मेगाब्लॉक नसला म्हणजे झालं.